रिकामं, पण कोणतं?

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून धरलेली सीट रिकामी असते का? सांगा बरं.

तुम्ही काहीही म्हणा, आमचे बसवराज सर तुम्हाला चूकच ठरवणार. लोहाऱ्याच्या स्टँडवर अशाच एका सीटवरून दोन प्रवासी भांडत होते. सर मध्ये पडले. "सीट एम्प्टी हाय, पण व्हेकंट न्हाय!" हा निवाडा त्या दोघांना समजेपर्यंत तिसराच माणूस रुमाल बाजूला सारून तिथं घोरायला लागला होता.

सर इंग्रजीचे निवृत्त शिक्षक. 'रिकामं' या एका शब्दानं मराठी माणसाचं लई नुकसान केलंय, असं त्यांचं ठाम मत. "अरे, आत काही नसलं की एम्प्टी. घागर एम्प्टी, खिसा एम्प्टी. आन् कुणीतरी येऊन बसावं अशी जागा, ती व्हेकंट!" चहावाले आप्पा मुद्दाम डिवचतात, "काय सर, रिकामेच ना?"

"मी व्हेकंट हाय. एम्प्टी तुमची किटली!"

सर निवृत्त झाले, त्यानंतर आमच्या गावच्या शाळेला इंग्रजीचा शिक्षकच मिळाला नाही. पोरांचं अडू नये म्हणून सर रोज जाऊन फुकट शिकवतात. आणि वरचे साहेब निवांत: "सर हायत की, मग घाई कशाची?" एका म्हाताऱ्या माणसाच्या चांगुलपणावर सरकारनं शाळा चालवायची, हे मला सहन होईना. माझे वडील चळवळीतले; माझं लहानपण त्यांची पत्रकं वाटण्यात गेलेलं. शिक्षकाची जागा ताबडतोब भरा, असा अर्ज मी लिहिला, चांगला इंग्रजीत, आणि पहिल्या सहीसाठी सरांकडे गेलो.

"पोस्ट इज एम्प्टी? खोकं हाय का रे ते?" त्यांनी शब्द खोडून 'व्हेकंट' केला. मग सहीच्या जागेवर पेन टेकवलं आणि पुन्हा उचललं.

"नवा मास्तर आला की मला वर्गात कोण घेणार रं?" ते हळूच म्हणाले. "ही गेल्यापासून घरात बोलायला कुणी न्हाय. शाळेची दहाची घंटा ऐकू येईल इथं. तवा मी काय करायचं, सांग."

माझ्याकडच्या घोषणा इथं कामाच्या नव्हत्या. मी अर्ज परत घ्यायला हात पुढं केला. "सर, राहू द्या सही," मी म्हणालो.

"गप्प बस. माझा आवाज आता मागच्या बाकापतुर जात न्हाय. मागं बसणाऱ्यांनी काय पाप केलंय?" असं म्हणून त्यांनी पूर्ण नावानिशी, वळणदार अक्षरात सही केली.

त्या सहीखाली तुमचीही सही हवी. आणि नवे शिक्षक रुजू झाले, की एखाद्या दिवशी दहाच्या सुमारास सरांच्या ओट्यावर जाऊन बसा. एखाद्या इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारा. येत असला, तरी विचारा.