सहाव्या शिट्टीची वाट

घराचं आयुष्य त्याच्या काँक्रीटमधल्या हवेवर अवलंबून असतं. इंझोरीत हे सत्य चंपतरावांच्या स्लॅबच्या दिवसापर्यंत कोणालाच माहीत नव्हतं. तरी घरं उभी होती.

सत्य आणलं त्यांच्या आदर्शनं. तो वाशीमला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला (तिसऱ्यांदा) होता. ओल्या काँक्रीटमधली हवा मोजायचं यंत्र त्यानं मोबाइलवर पाहिलं होतं: जाड भांडं, घट्ट झाकण, आत दाब. (मूळ चाचणी बर्फ पडणाऱ्या देशांची. इंझोरीत बर्फ रसवंतीवर मिळतो.) असं यंत्र घरात होतंच. फक्त त्यात त्याच्या आईनं, हौसाबाईंनी, स्लॅब टाकायला आलेल्या लखीराम मिस्त्रीच्या गँगसाठी वरण लावलं होतं.

चंपतरावांनी विरोध केला नाही. शेजारच्या रामरावांचा नवा स्लॅब पहिल्याच पावसात गळला होता. वांगी-टमाटे विकून उभ्या केलेल्या आपल्या भिंतींवर मिरगाआधी धड छत यावं, एवढंच त्यांचं मागणं होतं. शिवाय पोराच्या शिक्षणाचा घरात उपयोग होतोय, हे दृश्य त्यांना नवं होतं.

वरण पातेल्यात गेलं, काँक्रीट कुकरात. अहवाल येईस्तोवर एकही घमेलं वर जाणार नाही, असं आदर्शनं जाहीर केलं. एक शिट्टी म्हणजे एक टक्का, हे प्रमाण ठरलं (ठरवणाऱ्या समितीत तो एकटाच असल्यानं ठराव एकमतानं मंजूर झाला). सहा टक्के हवे होते. पाच शिट्ट्या झाल्या आणि कुकर गप्प बसला.

शिट्टी ऐकू यावी म्हणून काँक्रीटचा मिक्सर बंद केला. गँग कुकरभोवती बसली. ऊन चढलं. कोणी म्हणालं, रिंग जुनी आहे. कोणी म्हणालं, गिट्टी शिजायला वेळ लागतोच.

"आदर्शा," हौसाबाई म्हणाल्या, "तिकडं मिक्सरात मालाचा गोटा होऊन राह्यला, अन् तू इथं कायची वाट पाहून राह्यला?"

"माय, टेस्टिंग चालू हाय. मंधात बोलू नोको."

सहावी शिट्टी आली. अहवाल: समाधानकारक. चंपतरावांचे डोळे भरून आले. लखीरामनं मिक्सरात डोकावून छन्नी-हातोडा मागितला. संध्याकाळी गँग अर्धं कच्चं वरण खाऊन रिसोडच्या कामावर निघून गेली. पुढची तारीख दिवाळीनंतरची मिळाली.

यावर हसणाऱ्यांनी आधी आपल्या डोक्यावरच्या स्लॅबात किती टक्के हवा आहे, ते सांगावं. चंपतरावांना आपला आकडा तोंडपाठ आहे.

घरावर ताडपत्री आहे.