गंजकी ती माझी!

“माझ्या सायकलच्या नळीत क्रोमियम आहे. गंज तिच्याकडे बघून रस्ता बदलतो!” भावोजींनी छाती फुगवून जाहीर केलं. मेहुणा त्यांना भावोजी म्हणायचा, म्हणून सगळी गल्लीच म्हणायची.

मेहुणा काही कमी नव्हता. “आणि माझीत मँगनीज आहे. तुमची ती नळी पापडासारखी पातळ!”

दोघांच्याही सायकली जुन्या आणि एकाच मापाच्या. दोघांचा जीव त्यांच्यात अडकलेला. मग ठरलं, परीक्षाच घ्यायची! चाकं काढली, रंग खरवडला, उघडे सांगाडे गच्चीवर शेजारी शेजारी उभे केले. सकाळ-संध्याकाळ मिठाचं पाणी शिंपडायचं. जी गंजेल ती हरली.

“पण ओळखायच्या कशा?” मेहुण्याने विचारलं.

“खडूने नावं लिहू की!” भावोजी म्हणाले.

खडू पहिल्याच शिंपडण्यात वाहून गेला. फ्रेमवरचा नंबर भावोजींनी उत्साहाच्या भरात आधीच घासून सपाट केला होता. “हरकत नाही, डावीकडची माझी!” ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी ताईने, म्हणजे भावोजींच्या बायकोने, गच्ची झाडली आणि दोन्ही सांगाडे उचलून भलतीकडे ठेवले.

निकालाच्या दिवशी एक फ्रेम तांबडीलाल, दुसरी लखलखीत!

“ही माझी!” दोघं एकदमच ओरडले आणि लखलखीत फ्रेम दोन बाजूंनी ओढू लागले.

“अहो, नवरा बायकोला ओळखतो तसा मी हिला ओळखतो!”

“भावोजी, गेल्या महिन्यात तुम्ही लग्नात दुसऱ्याच बाईला घरी चला म्हणालात!”

आवाज ऐकून ताई वर आली. “तिला कशाला ओढताय? तिनेच तर माझ्या वाळत घातलेल्या चादरीला डाग पाडले! दुसरीपेक्षा दुप्पट गंजत होती मेली. शेवटी घासली आणि शिवणयंत्राचं तेल चोपडलं.”

दोघांचे हात एकदम सुटले. फ्रेम दाणकन भावोजींच्या अंगठ्यावर पडली.

“म्हणजे... चकचकीत आहे ती जास्त गंजणारी?” मेहुणा पुटपुटला.

“आणि गंजलेली आहे ती कमी गंजणारी!” भावोजींचं डोकं गरगरलं, पण पाय हलले. लंगडत धावून त्यांनी तांबड्या फ्रेमला मिठी मारली. “मग ही माझी! पहिल्यापासून माझीच!”

“कशावरून?”

“काळजात कळ येते ना, त्यावरून!”

मेहुण्याने एकदा तांबड्या फ्रेमकडे पाहिलं, एकदा लखलखीत फ्रेमकडे. मग नको तितक्या लवकर तो म्हणाला, “बरं बाबा, हरलो!” आणि लखलखीत फ्रेम खांद्यावर टाकून शीळ घालत जिना उतरला.

भावोजी विजयी मुद्रेने घरात आले. तळवे तांबडे, सदरा तांबडा, नाकाचा शेंडासुद्धा तांबडा.

“जिंकलो!”

ताईने त्यांना नखशिखांत न्याहाळलं. “म्हणजे भांडून भांडून गंजकी फ्रेम आपल्या घरात घेतलीत, असंच ना?”

भावोजींनी नाकाचा शेंडा तळव्याने पुसला; तो आणखीच तांबडा झाला.

“ते तेल,” त्यांनी हळूच विचारलं, “थोडं उरलंय का गं?”