कोट कापावा, नवऱ्याला विचारू नये

मी फक्त 'हं' म्हणालो होतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे काही झालं ते ऐकून तुम्ही सगळं खापर माझ्याच डोक्यावर फोडाल. 'हं' म्हणण्याबद्दल जगात कुठल्याही माणसाला इतकी शिक्षा झाली नसेल.

मी एका दैनिकात उपसंपादक आहे. हवामान आणि बाजारभाव ही दोन सदरं माझ्याकडे. अत्यंत जबाबदारीचं काम. पण वाचकांना त्याची कदर नाही. इतक्या वर्षांत माझ्या हवामानाला एकाही वाचकाचं पत्र आलेलं नाही. पाऊस पडला तरी नाही, न पडला तरी नाही. (एकदा आलं होतं. पण ते शब्दकोड्याचं उत्तर निघालं. तेही चुकीचं.)

तर आमच्या रविवारच्या पुरवणीत 'विचारा सुईताईंना' असं एक सदर येतं. कुठली फॅशन चालू आहे, जुन्या कपड्यांचं घरच्या घरी काय करावं, असले प्रश्न वाचक विचारतात आणि सुईताई उत्तरं देतात. ते लिहिणाऱ्या बाई लेकीच्या बाळंतपणासाठी अचानक निघून गेल्या. त्या दिवशी मी टेबलाशी चहा पीत बसलो होतो. संपादक आले.

"तुमचं लग्न झालंय ना हो?"

तोंडात चहाचा घोट. मी म्हणालो, "हं."

"मग झालं तर! आजपासून सुईताई तुम्ही."

मी घोट गिळून निषेध नोंदवेपर्यंत ते केबिनमध्ये पोचलेसुद्धा. मी मागोमाग गेलो. "साहेब, मला शर्टाची उलटी-सुलटी बाजू कळत नाही!"

"दिसतंय," माझ्या शर्टाकडे बघत ते म्हणाले. "पण भाषा बरी आहे तुमची. ठोकून द्या. आणि हे कुणालाही कळता कामा नये. घरीसुद्धा नाही. सुईताई म्हणजे पुरुष आहे हे कळलं तर पुरवणी बसली म्हणून समजा."

टेबलावर पत्रांचा ढीग पडला होता. एवढा ढीग! आणि माझं हवामान, ज्याच्यावर शेती चालते, बोटी चालतात, ते बिचारं कोरडंच. माझं पित्त खवळलं. म्हटलं, ठीक आहे. यांना फॅशनच हवी ना? घ्या.

पहिला प्रश्न होता, 'यंदा कोणता रंग चालतो?' मी मान वर केली. समोरच्या भिंतीला ओल आली होती. लिहिलं, 'यंदा ओलसर पिवळा.' पुढचा प्रश्न, 'मी अंगाने जाड आहे. उभे पट्टे घालू की आडवे?' उत्तर : 'तिरपे. म्हणजे बघणाऱ्याला नक्की काही सांगता येत नाही.' एका आईने विचारलं होतं, 'मुलाची जीन्स एका गुडघ्यावर फाटली आहे, ठिगळ लावू का?' मी लिहिलं, 'एक गुडघा फाटला तर तो अपघात, दोन्ही फाटले तर ती फॅशन. दुसराही फाडा.'

मला वाटलं, चार शिव्या येतील आणि सुटका होईल. कसली सुटका! त्या आईचं आभाराचं पत्र आलं. बाजारात बायका दुकानदाराला 'ओलसर पिवळा दाखवा' म्हणून वेठीला धरू लागल्या. आणि घरी? घरी तर कहरच.

आमच्या सौभाग्यवतीने आजवर माझ्या कपड्यांबद्दल एकही बरा शब्द काढलेला नाही. मी घातलेल्या शर्टाकडे ती गॅसवर उतू चाललेल्या दुधाकडे बघावं तशी बघते. तीच बाई रविवारी सकाळी पुरवणी छातीशी धरून म्हणाली, "काय हो बुद्धी एकेका बाईची! तिरपे पट्टे! आता हे सुचलं असतं का तुम्हाला?"

मी हवामानाच्या पानात डोकं घातलं. संपादकांनी शपथ घातलेली.

"नाहीच सुचणार," तीच म्हणाली.

इथे मी जरा चढलो, हे खरं. (हवामानाने जे कधी दिलं नाही ते पट्ट्यांनी दिलं. माणूसच आहे मी.) त्यातच ते पत्र आलं : 'नवऱ्याचा जुना गरम कोट कपाटात पडून आहे. त्याचं काही करता येईल का?' मी लेखणी सरसावली. 'जो कोट वर्षातून एकदा घातला जातो,' मी लिहिलं, 'तो कोट नसून कापड आहे. बाह्या कापून त्यांत कापूस भरावा, सोफ्यासाठी सुबक लोड होतात. उरलेल्या भागाचं स्वतःसाठी जाकीट करावं. आतल्या खिशाची मोबाइल ठेवायला पिशवी होते. मात्र नवऱ्याला विचारू नये. विचारलं की नवऱ्याला कोट आठवतो. आधी कापावा, मग सांगावं.'

शेवटच्या वाक्यावर मी स्वतःच इतका खूश झालो की शेजारच्या टेबलावरच्या क्रीडावाल्याला ते, कुणाचं हे न सांगता, वाचून दाखवलं. तो अविवाहित आहे. तोसुद्धा हसला.

आणि मग माझ्या आयुष्यात तो दिवस उगवला ज्याची मी उमेदवारीपासून वाट पाहत होतो. हवामानाच्या अभ्यासकांच्या एका मंडळाने मला व्याख्यानाला बोलावलं! विषय, 'थंडीची लाट आणि वृत्तपत्रे'. कुणीतरी माझं हवामान वाचत होतं! डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या. संध्याकाळी घरी आलो, तोंड धुतलं आणि लग्नातला कोट काढायला कपाट उघडलं.

हँगर होता.

"अगं, माझा कोट कुठंय?"

"आले, आले!" म्हणत ही आतल्या खोलीतून आली आणि माझ्यासमोर एक गिरकी घेतली. अंगात राखाडी चौकड्यांचं जाकीट. "कसं दिसतं?"

"छान," मी म्हणालो. (नवरा या नात्याने हे उत्तर प्रश्नाआधीच तयार असतं.) "कापड कुठेतरी पाहिल्यासारखं वाटतंय."

"वाटेलच. तुम्हीच घालायचात ना."

मी सोफ्यावर बसलो. पाठीला काहीतरी गुबगुबीत लागलं. वळून बघतो तर माझा उजवा हात! म्हणजे बाही. कापसाने टम्म भरलेली, दोन्ही टोकांना रिबिनीने बांधलेली. पलीकडे डावी.

"कोणत्या मूर्खाने सांगितलं तुला हे?" मी ओरडलो.

"सुईताईंना मूर्ख म्हणायचं काम नाही," तिने बोट उगारलं. "इतका उपयोग त्या कोटाचा आजवर झाला नव्हता."

"पण मला विचारायचं तरी!"

"विचारू नये असंच लिहिलंय. विचारलं की नवऱ्याला कोट आठवतो. बघा, आठवलाच की नाही?"

वाक्य बिनतोड होतं. मीच केलं होतं.

व्याख्यानाला मी अर्ध्या बाह्यांच्या शर्टात गेलो. सभागृहात यंत्राने गारवा केलेला. थंडीच्या लाटेवर बोलताना माझे दात असे वाजत होते की पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी वहीत काहीतरी टिपून घेतलं. अध्यक्ष समारोपात म्हणाले, "वक्त्यांनी विषय प्रात्यक्षिकासह मांडला." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी कुडकुडत नमस्कार केला.

परत येतो तर बिल्डिंगच्या जिन्यात सगळे पुरुष जमलेले. तळमजल्यावरचे बँकवाले, दुसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर आणि माझ्या डोक्यावर राहणारे बँडमास्तर. वातावरण प्रेत उचलायच्या आधी असतं तसं.

"तुमचाही?" बँकवाल्यांनी खालच्या आवाजात विचारलं.

"माझाही," मी म्हणालो.

"उद्या माझी बढतीची मुलाखत आहे. बायको म्हणते, स्वेटर घालून जा, साधेपणा दिसतो."

डॉक्टरांच्या कोटाच्या बाह्या त्यांच्या कुत्र्याच्या अंगात होत्या. पण खरी हळहळ वाटली ती बँडमास्तरांची. त्यांचा तो लाल, सोनेरी झालरीचा कोट! ती झालर आता वरच्या वहिनींच्या पर्सला लावलेली होती. मास्तर नुसते स्वतःच्या खांद्यांवरून हात फिरवत होते.

"ही सुईताई कोण सटवी आहे?" डॉक्टर कडाडले. "हिचा निषेध झालाच पाहिजे! तुम्ही त्या पेपरात आहात. पत्र तुम्हीच लिहा."

"मी?"

"तुमच्याइतकं नुकसान कुणाचं झालंय? लिहा!"

आणि सांगतो, मी लिहिलं. तिथेच जिन्यात बसून लिहिलं. आयुष्यात इतक्या तळमळीने मी काही लिहिलं नव्हतं. 'घराघरांत कात्री घुसवणाऱ्या या बाईला कापडाचं ज्ञान नाही, संसाराचं नाही आणि लाजेचं तर नाहीच,' असं लिहिलं. अक्षर वेडंवाकडं येत होतं. (थंडीनेही असेल.) सगळ्यांनी सह्या केल्या. मास्तरांनी माझी पाठ थोपटली. "वाघ आहेस," म्हणाले.

संपादकांनी पत्र वाचलं आणि खुर्चीतून उठून त्यांनी मला मिठी मारली. "अहो, हे पुरवणीच्या पहिल्या पानावर! आणि शेजारच्या चौकटीत सुईताईंचं सडेतोड उत्तर. बसा लिहायला!"

"साहेब, पण त्या पत्रात मुद्दा आहे. मी स्वतः—"

"मुद्दा आहे म्हणूनच तर खोडायचा."

मी रागारागाने बसलो. ठरवलं होतं, मिळमिळीत लिहायचं, सुईताईला हरू द्यायचं. पण लेखणी हातात आली की काय होतं कोण जाणे! 'ज्या गृहस्थांना कपाटातला कोट आजवर कधी आठवला नव्हता, त्यांना तो कापल्यावर इतकं रडू यावं, यावरून कोटाचं नव्हे तर अहंकाराचं माप चुकलेलं दिसतं...' असं सुरू झालं ते थांबेचना. माझ्या पत्रातलं एकेक वाक्य घेऊन मी त्याच्या चिंध्या केल्या. त्या वादात मी माझा पार धुव्वा उडवला.

रविवारी बिल्डिंगमधले पुरुष खाली मान घालून जिना उतरत होते. मास्तर मला बघून म्हणाले, "पत्र जरा कच्चं झालं रे." आणि घरात ही, अंगात माझा कोट, पाठीशी माझ्या बाह्या, असं बसून मला माझंच उत्तर मोठ्याने वाचून दाखवत होती.

"'अहंकाराचं माप चुकलं!' वा! बघा, याला म्हणतात लिहिणं. नाहीतर तुमचं ते पत्र. नुसता थयथयाट. त्यांच्या नखाची तरी सर आहे का तुम्हाला?"

माणसाच्या सहनशक्तीला मर्यादा असते. खड्ड्यात गेली शपथ, खड्ड्यात गेली पुरवणी. मी ताडकन उठलो. छातीवर हात मारून म्हणालो, "मी आहे सुईताई!"

मग ती हसली. आधी गालात, मग मोठ्याने, मग डोळे पुसत. खिडकीत जाऊन तिने वर हाक मारली, "वहिनी, या हो लवकर! हे म्हणतायत हेच सुईताई!" वहिनी झालरीची पर्स घेऊनच खाली आल्या.

"हसू नका!" मी संतापलो. "तिरपे पट्टे माझे. ओलसर पिवळा माझा!"

"बरं," हिने तोंडावर पदर धरला. "मग सांगा, धावदोरा म्हणजे काय?"

"धावदोरा म्हणजे..." मी सोफ्यावरच्या बाहीकडे पाहिलं. "घाईच्या वेळी घालतात तो."

"आणि काज?"

"पुढे बदाम लागतो त्याला."

वहिनी हसता हसता खाली बसल्या. त्यांना उठवायला पाणी आणावं लागलं. मी चवताळून फोन उचलला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा लावून संपादकांना म्हणालो, "साहेब, आमच्या घरी सांगा, सुईताई कोण आहे?"

पलीकडे एक खोकला. मग मधासारखा आवाज. "नमस्कार वहिनी. सुईताई ना? अहो, फार विद्वान बाई आहेत. तुमच्या यजमानांना त्यांच्याबद्दल नितांत आदर आहे. कामाचा ताण आहे जरा त्यांच्यावर. सांभाळून घ्या."

त्यानंतर ही माझ्याशी फार मायेने वागू लागली. तेच जास्त लागलं. हळू बोलायची. चहात साखर जास्त घालायची. माझ्या कपाळाला हात लावून बघायची.

पुढच्या टपालात ओळखीचं अक्षर दिसलं. 'प्रिय सुईताई, माझे यजमान हल्ली आपणच सुईताई आहोत असं म्हणू लागले आहेत. एरवी स्वभावाने गरीब आहेत. काय करावं?'

मी पेटून उठलो. अशी संधी पुन्हा येणार नव्हती. दोन पानं भरून लिहिलं, की भगिनी, आपले पती हे असामान्य पुरुष असावेत, त्यांचं ऐका, त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवा, त्यांना नवा कोट शिवा. संपादकांनी दोन्ही पानांवर तांबडी रेघ मारली. "फार भावुक झालंय, सुईताईंच्या बाजाचं नाही," म्हणाले आणि स्वतःच्या हाताने एक ओळ खरडून छापायला धाडली : 'त्यांना रिकामं बसू देऊ नये. बटणं लावायला शिकवावं.'

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी खिडकीशी बसून साऱ्या घराच्या कपड्यांची बटणं लावतो. वहिनींनीही मास्तरांचे शर्ट पाठवायला सुरुवात केली आहे. माझं एक बटण लावून झालं की ही चष्मा चढवून ते तपासते, हलकेच ओढते, आणि ते तिच्या हातात येतं.

"असू दे हो," ती माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणते, "सगळ्यांनाच कुठे सुईताई होता येतं!"