पाटावरचा मदरबोर्ड

सगुण पार्सेकरांचा कॉम्प्युटर बंद पडला तो नेमका देवळाच्या वर्धापनदिनाच्या तोंडावर. ना धूर, ना ठिणगी. बटण दाबलं की नुसता काळा पडदा. सगुणरावांनी तो पुसला, थोपटला, बटण हळू दाबून पाहिलं, मग रागाने दाबून पाहिलं. शेवटी त्यांनी डब्यावर एक चापट मारली, आणि स्वयंपाकघरातून चंद्रावतीबाई म्हणाल्या, "तेका कशाक मारतात? तेचा वय झाला."

वय झालं होतं हे खरंच. पणजीच्या ज्या कचेरीत सगुणरावांनी कारकुनी केली, तिथून मोडीत निघालेला तो डबा होता. पण सगुणरावांचा सगळा मान त्या डब्यात साठवलेला होता. पेडण्याच्या त्यांच्या वाडीवर दर वर्धापनदिनाला नाटक होई आणि नाटकातला प्रत्येक आवाज याच डब्यातून निघे. विजेचा कडकडाट, गाडीचे ब्रेक, नवजात बाळाचं रडणं आणि शेवटच्या मीलनाच्या प्रवेशाला सनई. मग पडदा उघडण्यापूर्वी लाउडस्पीकरवरून पुकारा व्हायचा, "पार्श्वसंगीत, सगुण पार्सेकर!" कचेरीत त्यांना सगळे जन्मभर 'ओ पेडणे' म्हणून हाक मारीत आले. पूर्ण नाव काय ते या एका पुकाऱ्यात. त्यासाठी माणूस वर्षभर थांबतो, हे ज्याचं नाव रोज पुकारलं जातं त्याला कळायचं नाही.

नाटकाचे लेखक, दिग्दर्शक आणि पडदा ओढणारे जयराम मास्तर बातमी ऐकून धावत आले. सोबत त्यांचा भाचा निलेश होता. त्याच्या हातात मोबाईल होता, आणि तोंडावर ज्यांच्या हातात फक्त मोबाईल असतो त्यांची बेफिकिरी.

"काका, सगळे आवाज मोबाईलार मेळतत," निलेश म्हणाला. "वायच शोधूचा आणि वाजवूचा."

"माझी सनई मेळात?"

"सनयेक काय तोटो?"

"माझी नाय मेळाची," सगुणराव म्हणाले. ती त्यांनी स्वतः म्हापशाच्या एका लग्नात वाजंत्र्याच्या शेजारी बसून टेप केली होती. मध्ये एकदा पंगतीत आणखी श्रीखंड आणायला सांगणाऱ्याचं "श्रीखंड हाड रे" असं ऐकू यायचं, पण गावाला त्याची सवय झाली होती.

मास्तर कातावले. "सगुणबाब, तुमी बरे करून आणलात तर तुमी. नायतर निलेश. माका नाटक करूचा आसा."

त्या वाक्याने सगुणरावांची झोप उडाली. निलेश आवाज दुसरीकडे उतरवून देतो म्हणाला होता मागेच. पण 'एकदा दिले की आपल्याला कोण विचारतो' या भीतीने त्यांनी कधी कोणाला दिले नव्हते. आता ते सगळं हार्डडिस्कमध्ये अडकून पडलं होतं आणि ती डिस्क रिबिनीसारख्या चपट्या केबलची. कॉम्प्युटरच्या दुकानदाराने डबा उघडून पाहिला आणि म्हणाला, मदरबोर्ड गेलाय, पण असली केबल हल्लीच्या बोर्डाला लागतच नाही. जुनाच बोर्ड शोधा.

तो सापडला म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, कुलपं आणि पंख्यांची पाती विकणाऱ्याकडे. हिरवा, धुळीने माखलेला. त्याने वर्तमानपत्रात गुंडाळून दिला. "चलता काय रे?" सगुणरावांनी विचारलं. "चलता. नाय चललो तर वेगळी गजाल," तो म्हणाला. ही हमी छातीशी धरून सगुणराव बसमध्ये बसले आणि पेडण्यापर्यंत त्यांनी तीनदा तो कागद उघडून पाहिला.

घरी आल्यावर कळलं की बोर्डाची भोकं आणि डब्याची भोकं यांचं एकमेकांशी काही देणंघेणं नाही. सगुणराव घरभर फिरले. आत गेले, बाहेर आले, पुन्हा आत गेले. लोखंडावर बोर्ड ठेवला तर जळेल; कोरडं, सपाट लाकूड हवं. देवघराच्या भिंतीला एक फणसाचा पाट उभा होता. त्यांनी तो उचलला.

"तो पाट पूजेचो!" चंद्रावतीबाई ओरडल्या.

"ह्याय देवाचाच काम आसा!"

मदरबोर्ड पाटावर बसला. सगुणरावांनी पंखा जोडला, मेमरीची पट्टी खाचेत दाबली, चपटी केबल लावली. बटणाच्या बारीक तारा कुठे जातात ते कळेना, तेव्हा स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बोर्डावरच्या दोन बारीक काड्यांना टेकवून पाहिलं. एकदा, दोनदा, दहादा. आणि एकदम पंखा फिरला, पडदा उजळला. सगुणराव दचकून मागे सरले आणि मग इतके हसले की चंद्रावतीबाई हातातली पळी घेऊनच बाहेर आल्या.

पडद्यावर तारीख वीसेक वर्षांपूर्वीची होती. बोर्डावरची चपटी बॅटरी मेलेली. सगुणरावांनी तारीख नीट केली. बंद करून चालू केलं तर पुन्हा तीच जुनी.

"ऱ्हवांदे ती," चंद्रावतीबाई म्हणाल्या. "तेव्हा तुमच्या डोक्यार केस होते."

मग आवाज येईना. बोर्डाच्या सेटिंगच्या निळ्या पानावर जाऊन त्यांनी सगळे पर्याय उलटसुलट केले, तेव्हा कुठे आवाजाची सोय बंद ठेवलेली सापडली. ती चालू करताच खोलीत सनई घुमली. "श्रीखंड हाड रे" ऐकल्यावर सगुणरावांचे डोळे भरून आले.

नाटकाच्या दिवशी संध्याकाळी त्यांनी न्यायची तयारी केली. प्रवासात मोडू नये म्हणून मेमरीची पट्टी काढून रुमालात गुंडाळली आणि ते कपडे बदलायला गेले. पाट ओसरीवर होता. चंद्रावतीबाईंनी पाहिलं, घरात नवीन यंत्र आलंय, ते पाटावर मांडलंय आणि देवळात चाललंय. मिक्सर आला तेव्हा त्यांनी मिक्सरला कुंकू लावलं होतं, गॅसच्या शेगडीला लावलं होतं, निलेशच्या मोटारसायकललासुद्धा. त्यांनी निरांजन लावलं, बोर्डाला हळदकुंकू वाहिलं, वर अक्षता टाकल्या आणि ओवाळलं. सगुणराव आले तेव्हा बोर्डाच्या मध्यभागी जास्वंदीचं फूल होतं.

"अगो, ह्या काय केलंस?"

"बरां केलंय. तुमचा नाव पुकारतले मा आज?"

त्यांनी फूल उचललं, फुंकर मारली, वर दिसल्या तेवढ्या अक्षता झटकल्या आणि पाट दोन्ही हातांवर घेऊन, नैवेद्य न्यावा तसे देवळाकडे निघाले.

रंगमंचाच्या कडेला, विंगेत, उलट्या टोपलीवर पाट ठेवून सगुणरावांनी पट्टी खाचेत दाबली. ती नेहमीसारखी टक्क करून बसली नाही. स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, काही नाही. मास्तर येऊन गेले, घड्याळ बघून गेले, पुन्हा आले.

"सगुणबाब, लोक वाट बघतत."

"एक मिनिट."

"मगाशीच एक मिनिट म्हणालात."

"तेव्हाचा वेगळा, ह्या वेगळा!"

मास्तरांनी मान हलवली. निलेशने मोबाईल माईकसमोर ठेवला, आणि माईक होता पाटाला अगदी खेटून. मग लाउडस्पीकरवरून पुकारा झाला, "पार्श्वसंगीत, निलेश!" सगुणरावांनी मान वर केली नाही. पुढे बायकांच्या रांगेत चंद्रावतीबाई बसल्या होत्या, हे त्यांना ठाऊक होतं, आणि त्याचंच जास्त वाईट वाटलं.

पहिला अंक मोबाईलवर पार पडला. दुसऱ्या अंकात आई हॉस्पिटलात मरते आणि हेच मास्तरांच्या नाटकाचं मर्म होतं. अंगणवाडीतल्या रुक्मिणीबाई आई होऊन खाटेवर पडल्या होत्या. डॉक्टर होता सोसायटीतला दत्तप्रसाद. कोट त्याच्या मापाचा नव्हता, पण गळ्यातला स्टेथोस्कोप खरा होता. मुलगा झालेला साईश कोपऱ्यात डोकं धरून उभा. निलेशने मोबाईलवरून सारंगी सोडली, ती कोणाची तरी रिंग आल्यामुळे थांबली, आणि सगळीकडे शांत झालं.

त्याच वेळी सगुणरावांनी शेवटचा उपाय म्हणून स्क्रू-ड्रायव्हर टेकवला. पंखा फिरला आणि बोर्ड बोलला: पीं… पीं… पीं…

मेमरी सापडत नाही असं तो ओरडत होता. पण माईक शेजारीच होता, आणि मंडपातल्या सगळ्या लोकांनी आजवर पाहिलेल्या मालिकांमध्ये हॉस्पिटलचं यंत्र असंच वाजत आलं होतं. गर्दी एकदम चिडीचूप झाली. पलीकडच्या विंगेतून मास्तरांनी सगुणरावांना दोन्ही हात जोडून दाखवले. इतकं खरं त्यांच्या नाटकात कधी काही घडलं नव्हतं.

सगुणरावांनी ते पाहिलंच नाही. त्यांची पाठ रंगमंचाकडे होती आणि जीव सनईत. त्यांनी विजेचं बटण बंद केलं, पट्टी दाबायला.

"काळजी करू नका," दत्तप्रसाद साईशला सांगत होता, "आईंच्या जिवाचा धोका टळलाय."

आवाज थांबला.

"अगे आई गे! गेली!" पुढच्या रांगेतून एक म्हातारी किंचाळली.

दत्तप्रसाद गोंधळला. रुक्मिणीबाईंनी एक डोळा उघडून विंगेकडे पाहिलं. आपण दोन पानं आधी मेलो की काय, हे त्यांना कळेना. एवढ्यात सगुणरावांनी बटण चालू करून स्क्रू-ड्रायव्हर टेकवला. पीं… पीं… मंडपात टाळ्या पडल्या. पुन्हा बंद. पुन्हा हळहळ. पुन्हा पीं. आई आणखी एकदा वर जाऊन खाली आली, तेव्हा मास्तर विंगेमागून धावत येऊन सगुणरावांच्या मनगटाला लोंबकळले.

"पायां पडतंय, सगुणबाब! आता हात लावू नकात!"

"अवो, पण पट्टी बसूक नाय!"

"नाय बसांदे! तो आवाज चलांदे!"

आवाज चालू राहिला, आणि खरी पंचाईत तिथे झाली. दत्तप्रसादने लिहिलेलं वाक्य म्हटलं, "माफ करा. आम्ही खूप प्रयत्न केले. आई आपल्यात नाहीत."

पीं… पीं… पीं…

"मशीन वाजता रे!" मागून कोणीतरी ओरडलं. "नीट बघ!"

"पयसे खाल्ल्यान काय डॉक्टरान?" दुसरा म्हणाला.

दत्तप्रसाद गावात सचोटीचा म्हणून ओळखला जाई. आपल्या नावाला बट्टा लागतोय असं त्याला वाटलं. त्याने स्टेथोस्कोप लावला, रुक्मिणीबाईंच्या छातीचे ठोके ऐकले, आणि ते तर ऐकू येतच होते. "आहेत," तो म्हणाला. "आई जिवंत आहेत!" टाळ्यांनी मंडप दणाणला, आणि मास्तरांनी कपाळाला हात लावून पडदा ओढला.

तिसऱ्या अंकासाठी भिंतीवर आईचा हार घातलेला फोटो लावून तयार होता. मास्तरांनी धावत जाऊन हार ओरबाडला, समोर एक खुर्ची टाकली आणि रुक्मिणीबाईंना म्हणाले, "बस हय. बोलू नको. तुका बोलणांच लिवूक नाय." साईशला फोटोपुढे उभं राहून पश्चात्ताप करायचा होता. समोर जिवंत आई बघून त्याला काय करावं सुचेना, म्हणून त्याने सरळ तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. त्याची स्वतःची आई पुढच्या रांगेत होती. ती रडली, मग तिच्या शेजारची, मग सगळी रांग. रुक्मिणीबाई तर लिहिलेलं नसताना बोलल्या, "जेवलंस काय रे?" त्यापुढे मास्तरांचा अख्खा अंक फिका पडला.

नाटक संपल्यावर मास्तर माईकपाशी आले. गावकरी, देणगीदार, कलाकार सगळ्यांचे आभार झाले. सगुणराव विंगेत वायरी गुंडाळत होते. त्यांना लवकर घरी जायचं होतं. वाटेत चंद्रावतीबाईंना काय सांगायचं याचीच जुळवाजुळव चालली होती.

"आणि," मास्तर म्हणाले, "हॉस्पिटलच्या मशीनच्या भूमिकेत, सगुण पार्सेकर!"

दोघातिघांनी त्यांना ढकलत रंगमंचावर आणलं. हातात स्क्रू-ड्रायव्हर तसाच. इतकी वर्षं ते पडद्याच्या कडेला होते. मधोमध उभं राहून काय करतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. मास्तरांना सत्काराला हार सापडेना, म्हणून त्यांनी फोटोवरून ओरबाडलेलाच हार त्यांच्या गळ्यात घातला. चंद्रावतीबाई उभ्या राहून टाळ्या वाजवीत होत्या. सगुणरावांनी डोळे पुसले, आणि स्क्रू-ड्रायव्हर नाकाला लागला.

घरी आल्यावर त्यांनी पट्टी काढून खाचेत टॉर्च मारला. तळाला एक तांदळाचा दाणा होता. कुंकवाने लाल झालेला, नीट आडवा बसलेला. त्यांनी तो सुईने उकरून तळहातावर घेतला. पट्टी पुन्हा लावली. टक्क करून बसली, आणि सनई पहिल्या फटक्यात वाजली.

चंद्रावतीबाई दारात उभ्या होत्या. "मी ओवाळलंय म्हणून झाला सगळा," त्या म्हणाल्या. "तुमचो इश्वास नाय."

सगुणराव काहीतरी बोलणार होते. पण त्यांनी मूठ मिटली आणि म्हणाले, "आसा."

पुढल्या वर्षी मास्तर महिनाभर आधीच आले. आईला आता मारायचं नाही असं गावाने ठरवलं होतं. निलेशने मोबाईलवरून हॉस्पिटलचे किती तरी आवाज वाजवून दाखवले होते, पण रुक्मिणीबाई अडून बसल्या होत्या. आपला जीव सगुणबाबांच्याच मशीनमध्ये आहे, त्याशिवाय खाटेवर झोपणार नाही, असं त्यांनी साफ सांगितलं होतं.

"सनई मोबाईलार चलात," मास्तर चाचरत म्हणाले. "पण ता पीं पीं… ता तुमचाच होया. तसाच वाजात मा?"

"वाजात," सगुणराव म्हणाले.

वर्धापनदिनाच्या संध्याकाळी त्यांनी पाट ओसरीवर आणला, मदरबोर्ड मांडला, मेमरीची पट्टी काढून रुमालात गुंडाळली, आणि आत बघून हाक मारली.

"अगो, ओवाळूक ये. आणि अक्षता वायच जास्त हाड."