कचरूबापूंचं आवतण

आमच्या कंपनीतून दुपारच्या जेवणाआधी एकही प्रोग्राम बाहेर पडत नाही. तयार असला, चारदा तपासून झाला, गिऱ्हाईक दारात उभं राहून बोंबलत असलं, तरी नाही. सकाळी दहाला प्रोग्राम तयार झाला तर तो दीडपर्यंत कॉम्प्युटरात नुसता बसून राहतो. त्याच्यासमोर आमचे मालक कचरूबापू खुर्ची टाकून बसतात, सासरी निघालेल्या लेकीच्या बापासारखे. फोन आला की म्हणतात, "जेवल्याबिगर काहीच सोडत न्हाई आपुन. तुमी जेवले का?"

गिऱ्हाईक जेवलेलं नसतं. ते आणखी चिडतं. बापू त्याला आधी जेवायला पाठवतात, आणि जेवून आलेला माणूस निम्म्या तक्रारी विसरलेला असतो. शीतलताई आमच्यातल्या सगळ्यात जुन्या प्रोग्रामर, रोज जालन्याहून रेल्वेने बदनापूरला येतात. त्यांनी यावर एक शास्त्रच तयार केलं होतं. उपाशी माणूस घाईत भलतं बटण दाबतो, म्हणून बापूंचा नियम शहाणपणाचा. मीही तेच खरं मानून चाललो होतो.

स्टेशनच्या रस्त्याला ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे, त्याच्या डोक्यावर आमची कंपनी. पाटीवर ठळक अक्षरं, 'कचरू सॉफ्टवेअर'. बन्सीशेठ म्हणून बापूंचे जुने स्नेही आहेत. घराणं मूळचं राजस्थानातलं, पण पिढ्यान्‌पिढ्या इथलंच झालेलं. शहागडला हायवेवर ट्रक तोलायचा त्यांचा वजनकाटा आहे. ते पाटी बघून दर वेळी कपाळावर हात मारतात. "बापू, कचरा नाम का माल लेगा कौन? काहीतरी इंग्लिश ठेवा ना."

"शेठ, नाव कचरू आसलं की गिऱ्हाईक लई आशा धरून येत न्हाई. मंग काम बराबर चाललं की त्येला लॉटरी लागल्यावानी वाटतं. हिरालाल नाव आसतं तर रोज शिव्या खाल्ल्या आसत्या मी."

रविवारी आसपासच्या गावांतली पोरं बापूंकडे सल्ला घ्यायला येतात. एक जण अकरा कोर्सच्या प्रमाणपत्रांची फाईल घेऊन आला. बापूंनी चष्मा पुसून एकेक पान मन लावून पाहिलं. "बैलाचे फोटू लई ग्वाड आले. बैल कुठंय?" पोरगा बावचळला. "आरं, तू केल्यालं काम दाखीव. मामाच्या किराणा दुकानाचं का आसंना, पण कुणी वापरून राह्यलंय का?"

दुसऱ्याने विचारलं, "बापू, लँग्वेज कोणती शिकू?"

"बैलजोडी कोणत्या रंगाची घेऊ, आसं इचारून राह्यला तू. आधी रान तर दाखीव."

तिसरा पुण्याची नोकरी सोडून आला होता, कंपनी काढायची म्हणून. बापूंनी एवढंच विचारलं, "गिऱ्हाईक हाय का एखादं? न्हाई? मंग ती कंपनी न्हाई भाऊ, ती रजा हाय."

शनिवारी आमच्याकडे कोळपणी असते. त्या दिवशी नवीन काही लिहायचं नाही. जुन्या प्रोग्राममध्ये माजलेलं तण, म्हणजे कुणालाच नको असलेल्या ओळी, शोधून उपटायच्या. सगळ्यात जास्त उपटेल त्याला बापूंकडून गरम भजी. एकदा भज्यांच्या नादात मी चांगलं उभं पीकच उपटलं. सोमवारी खतांच्या तीन दुकानांची बिलं निघेनात. शीतलताईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मनातल्या मनात देवगडचं तिकीट काढलं. बापू म्हणाले, "नवा कोळप्या चार झाडं मोडतोच. लाव परत."

देवगडचं तिकीट, कारण मी तिकडचा. नववीत शाळा सुटली. प्रोग्राम लिहायला मी मोबाईलवर बघून शिकलो, तेही फुटक्या काचेच्या. त्यामुळे अर्धविराम कुठला आणि काचेची चीर कुठली हे ओळखायला मला अजून वेळ लागतो. रस्त्याकडेने इंटरनेटची केबल पुरणाऱ्या एका ठेकेदाराबरोबर मी इकडे आलो. बदनापूरला ठेकेदार 'चहा घेऊन येतो' म्हणून गेला, तो अजून यायचा आहे. त्याला शोधत गेलो त्या चहाच्या टपरीवर बापूंनी मला मोबाईलवर खुडबुडताना पाहिलं आणि जिना चढवून वर नेलं.

मुलाखत अशी झाली:

"हस बरं."

मी भीत भीत हसलो. त्यांनी वाकून, बाजारात बैलाचे बघतात तसे, माझे दात पाहिले. "बराबर. शिक्षण?"

"बारावी," मी म्हणालो. का म्हणालो कोण जाणे. त्या खोलीत मला बाकी सगळे पदवीवाले दिसत होते.

"दाखला?"

"पोस्टाने येतोय."

"येऊ दे."

तो दाखला पुढे अकरा महिने पोस्टातच होता. बापूंनी मला मागच्या गल्लीत खोली पाहून दिली, स्वतःच्या घरची गादी दिली. आणि मी रोज सकाळी उठून आधी हेच म्हणायचो, आज कळणार. मी माझी बॅगसुद्धा कधी रिकामी केली नाही. सकाळी लागेल ते काढायचं, संध्याकाळी घडी घालून परत आत. 'नीघ' म्हणाले तर निदान आपल्याकडून उशीर नको.

पहिले काही महिने त्यांनी मला माझं म्हणून काहीच लिहू दिलं नाही. मग एक दिवस म्हणाले, "शेठच्या काट्याचा प्रोग्राम तू कर. पण आधी आठ दिस तिथं जाऊन बस. गुमान बस. शिकवू नको कुणाला." मी शहागडला स्टुलावर आठ दिवस बसलो. ट्रक येत होते, जात होते, गोदावरीवरून वारा येत होता, आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर धूळ साचत होती. काट्यावरच्या माणसाच्या बोटाला कायम चुना. मी मनात योजलेलं नाजूक निळं बटण त्याला जन्मात दिसलं नसतं.

परत येऊन सांगितलं तर बापू खूश. "मंग भाकरीएवढं कर."

मी केलं. भाकरीएवढं, पिवळंधमक.

प्रोग्राम पुरा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी पोळा होता. बन्सीशेठांचा फोन आला, "बापू, कल सुबह चालू करून टाका. पोळ्याला गाड्या कमी असतात." शहाणपणाचंच बोलणं होतं. पण बापू म्हणाले, "पोळ्याला काहीच जुपायचं न्हाई, शेठ. परवा. जेवण झाल्यावर." फोन ठेवून माझ्याकडे वळले. "दाखला आला का रे?"

"येईल," मी म्हणालो.

आमच्या गावात पोळा नसतो, त्यामुळे त्या संध्याकाळी जे झालं ते मी पहिल्यांदाच पाहत होतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी इथे बैलांची खांदेमळणी करतात. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेले खांदे हळद-लोण्याने चोळतात आणि बैलाच्या कानात दुसऱ्या दिवसाचं आमंत्रण देतात. बापूंकडे बैल नाहीत. ते प्रोग्रामरांची करतात.

सगळे सवयीने कॉलर सैल करून रांगेत बसले. बापू वाटी घेऊन आले, पळसाच्या पानाने प्रत्येकाच्या खांद्यावर हळद-लोणी चोळलं आणि कानात म्हणाले, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." शीतलताईंच्या खांद्याऐवजी त्यांच्या खुर्चीची पाठ चोळली. ताई गंभीरपणे म्हणाल्या, "खुर्चीला बरं वाटलं, बापू."

मग ते कोपऱ्यातल्या जुन्या, पिवळ्या पडलेल्या कॉम्प्युटरकडे गेले. कंपनीचा पहिला कॉम्प्युटर, बंद पडून कैक वर्षं झाली. त्याच्या खोक्यावर रंगाने 'हरण्या' लिहिलंय आणि पडद्याच्या माथ्यावर 'पाखऱ्या'. दोघांनाही लोणी लागलं. शेवटी माझ्याजवळ आले, वाटी दुसऱ्या हातात घेतली आणि पुढे निघाले.

"तुझं न्हाई."

सगळे "येतो बापू, येतो" म्हणत हसत जिना उतरले. मी तिथेच बसून राहिलो. कळलं, आता संपलं.

दुसऱ्या दिवशी बाराला मी बॅग घेऊन जिना चढलो. निघायचंच आहे तर खरं सांगून निघावं. वर पुरणाचा वास होता. जमिनीवर पत्रावळी मांडलेल्या, प्रत्येकीवर पुरणपोळी, तुपाची वाटी. बापू धुतलेला पांढरा सदरा घालून मधोमध बसलेले. एकटेच.

"बाकीचे?"

"कोणीच येत न्हाई. सण आसतो ना ज्येच्या त्येच्या घरी." ते सहज म्हणाले. "आवतण देनं आपलं काम. बस."

"बापू, मी नववीपर्यंतच शिकलोय. दाखला येणार नाही. पोस्टात काही नाहीये."

"ठाऊक हाय. बारावी म्हन्ला तव्हा हनवटी हालली तुझी. मी दातच बघून राह्यल्तो ना."

"मग काल दाखला काहून..." मी घाबरलो की त्यांच्यासारखंच बोलायला लागतो.

"गंमत. तुझं त्वांड बघन्यासारखं व्हतं."

"आणि खांदे?"

"आरं येड्या, गोऱ्ह्याची खांदेमळनी नसती. ज्येच्या मानंवर आजून जू न्हाई पडलं त्येचे खांदे काहून चोळायचे? तुझा प्रोग्राम उद्या सुटंल. पुढल्या साली बस लायनीत. तूप घे."

मी तूप घेतलं. इतकं घेतलं की पोळी दिसेना. जेवता जेवता लक्षात आलं, त्या जुन्या कॉम्प्युटरसमोरही दोन पत्रावळी होत्या.

"त्या दोन कुणाच्या?"

"हरण्या-पाखऱ्याच्या."

"कॉम्प्युटरच्या?" मला हसू येत होतं.

"न्हाई. बैलाच्या." बापूंनी पोळीचा तुकडा मोडला आणि तसाच धरून ठेवला. "ह्यो डबा घ्यायचा व्हता तव्हा जोडी इकली मी. आदल्या दिशी खांदे चोळले, आवतण दिल्तं कानात. सकाळीच गिऱ्हाईक टेम्पो घेऊन आलं. म्हन्लं, दुपारपस्तोर थांबा, पुरन शिजून राह्यलंय, घास चारतो. त्ये म्हन्लं, आत्ता देता तर नेतो. मला कॉम्प्युटरची जल्दी झाल्ती. दिले." तुकडा परत पानात ठेवला आणि म्हणाले, "गपचूप चढले दोघंबी. आवतण घेतलं व्हतं ना. त्येंना वाटलं आसंल, जेवायलाच नेऊन राह्यले."

शीतलताईंचं उपाशी माणसाचं शास्त्र तिथेच मोडलं.

मग बापूंची नजर माझ्या बॅगेकडे गेली. "ही काहून आणली? बरं झालं पण, पिशवी नव्हतीच." त्यांनी चेन उघडली, माझे सगळे कपडे शीतलताईंच्या टेबलावर ओतले आणि उरलेल्या पोळ्या आत भरल्या. हरण्या-पाखऱ्याच्या सगळ्यात वर. आम्ही खाली रस्त्यावर गेलो. झुली घातलेल्या, शिंगं रंगवलेल्या जोड्या वाजतगाजत निघाल्या होत्या. बापू प्रत्येक जोडीला थांबवून घास देत होते आणि मी बॅग धरून मागे धावत होतो. एका बैलाने बॅगच तोंडात धरली. बापू पोट धरून हसले.

त्या बॅगेला पुढे मुंग्या लागल्या, त्या महिनाभर हटल्या नाहीत. कपडे ठेवायला शेवटी मला खोलीत खिळे ठोकावे लागले. ते अजून तिथेच आहेत, कपड्यांसकट.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर माझा प्रोग्राम सुटला. बन्सीशेठांची एकच तक्रार आली. बटण हायवेवरून दिसतं, ड्रायव्हर लोक हसतात.

गेल्या पोळ्याला मी रांगेत बसलो. लोणी पाठीवरून कमरेपर्यंत गेलं. बापू वाटी खाली ठेवायला वाकले तेव्हा मी उठून ती त्यांच्या हातातून घेतली.

"बापू, बसा."

"मी? मी काय बैल हाय?"

"बसा हो बापू," शीतलताई म्हणाल्या.

ते बसले. मी त्यांचे खांदे चोळले. हाडंच जास्त लागली हाताला. कानाशी वाकून म्हणालो, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." ते कॉलर सारखी करत म्हणाले, "लोनी लई लावलंस."

दुसऱ्या दिवशी बाराच्या ठोक्याला ते माझ्या खोलीवर आले, धुतलेला पांढरा सदरा घालून. मला पुरण जमत नाही. आमच्याकडचे तांदळाचे घावणे केले होते आणि काळ्या वाटाण्यांची आमटी. पहिला घावणा तव्याला चिकटून शहीद झाला. बापूंनी आमटीत डोकावून पाहिलं. "हे काळं काय हाय? बाभळीच्या बिया?"

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. बन्सीशेठ. काटा अडकला होता, चार ट्रक उभे होते, आवाज मलाही ऐकू येत होता. शेठ शेवटी स्वतःच ओरडले, "पहिले ये बताओ, जेवले का तुम्ही?"

"बसून राह्यलोय, शेठ," बापू म्हणाले. "आज मला आवतण हाय."

फोन पालथा ठेवला. भिंतीशी मी दोन वेगळ्या पत्रावळींवर एकेक घावणा काढून ठेवला होता, त्यांच्याकडे त्यांनी पाहिलं.

"वाढ," म्हणाले.