कनकांगीच्या कंठास धूर लागला त्याची हकीकत

श्रीशारदेस दंडवत, आणि ती ज्या कंठी बसते त्या कंठासही दंडवत. शके सोळाशे एकूणसत्तर, प्रभवनाम संवत्सरी, एका दौलतीत (नाव लिहिल्याने कोणाचे बरे होणार नाही) कनकांगी नामे गाणारीण आली. जन्म कोण्या बंदरीचा, बाप गलबतावर सारंगी वाजवी, म्हणोन सात भाषा तिच्या घरी पाणी भरीत. कानडी पद ऐकोन कानड्यांनी आपली म्हणावी, फारसी ऐकोन मोगलांनी आपली म्हणावी, आणि फिरंगी वकील तर टोपी काढोन रडले. रूप ऐसे की मशालजीने मशाल धरावयाची विसरावी. परंतु सुख कपाळी नव्हते. पहिला धनी लढाईत पडला, दुसऱ्याने तिजपायी विष घेतले, आणि मूल तो जाहलेच नाही. लोक म्हणत, ही शेगडी दुरोन शेकावी.

तेथील राणी गजराबाईसाहेब. वय लहान, पोथ्या वाचलेल्या, नजर घारीची, आणि मांडीवर सहा महिन्यांचे बाळराजे. बाईसाहेब घडोघडी मुलाच्या नाकाशी बोट धरोन श्वास चालतो की नाही पाहात. दाईचा भरवसा नाही, दुधाचा नाही, वाऱ्याचा तर नाहीच. राजे संगीतमहाली बसू लागले ते त्यांनी सोसले. पुरुषांचे येणेजाणे राजवाड्यास नवे नाही. एकच गोष्ट सोसवेना. आईने पाळणा म्हटला की बाळराजे अधिक रडत, आणि भिंतीपलीकडोन कनकांगीचा आलाप आला की मूठ सोडोन निजत. बाईसाहेबांनी कान देऊन तिच्या हरकती उचलल्या, दाराआड घोटल्या, मुलापुढे म्हटल्या. मुलाने ओठ काढला आणि भोकाड पसरले. तेव्हापासोन बाईसाहेबांस अन्न गोड लागेना. नऊ महिने पोटी वागविले आम्ही आणि निजविते ती, हे शल्य आत रुतले.

पुढे एके दिवशी कनकांगी मुजऱ्यास आली आणि बाळराजांकडे टक लावोन पाहात राहिली, आणि दुसरे दिवशी बाळराजांस ताप भरला, दूध सुटले. बाईसाहेबांनी मनात निवाडा करोन टाकला, वांझेची नजर लागली. मग हौसाक्का दाईने मीठमोहरी आणि लाल मिरच्या मुलावरोन उतरोन निखाऱ्यावर टाकिल्या. आता रीत अशी की दृष्ट असली तर मिरचीचा ठसका लागत नाही, आणि ठसका लागला तर कोणाची नजर नव्हती. येथे तो सारे दालन खोकू लागले. हौसाक्का पदराने डोळे पुशीत म्हणाली, "बाईसाहेब, नजर न्हाई. हिरडी बघा, दात येतोय."

"मिरच्या कमी पडल्या," बाईसाहेब म्हणाल्या. "आणखी टाक. आणि शेगडी त्या जाळीपाशी ने."

जाळीपलीकडे संगीतमहाल, आणि वारा कोणीकडे वाहतो हे बाईसाहेबांस पक्के ठाऊक. सूपभर मिरच्या पडल्या. पलीकडे कनकांगी संध्याकाळच्या दरबाराची मेहनत करीत होती. तिने लांब तानेसाठी श्वास भरला, आणि धूर अवघा आत गेला.

त्या संध्याकाळी परमुलखीचे वकील बसले असता आवाज चिरला तो सांधलाच नाही. राजांनी मान खाली घातली, आणि महिना उलटला नाही तो दुसरी गाणारीण आणविली. इकडे बाळराजांस दात आला आणि ताप उतरला, परंतु नीज गेली ती गेलीच.

कनकांगी निरोपास आली. आवाज कैसा, तर कोरड्या पानावर पाय पडावा तैसा. मूल रडत होते. तिने हात पुढे केला आणि बाईसाहेबांची मुद्रा पाहोन मागे घेतला. तेव्हा बाईसाहेबांच्या मनात काय आले कोण जाणे, त्यांनी हौसाक्कास सांगोन कनकांगीवरोन मिरच्या उतरविल्या. निखाऱ्यावर टाकिल्या. तडतडल्या, काळ्या पडल्या, आणि कोणास शिंकसुद्धा आली नाही. हौसाक्काने शेगडीकडे पाहिले, मग धनिणीकडे पाहिले. "हिला व्हती, बाईसाहेब," ती म्हणाली. "घरातलीच व्हती."

कनकांगी हसली आणि सातांपैकी एकाही भाषेत काही न बोलता गेली.

वर्ष लोटले आणि ती नदीकाठच्या एका धर्मशाळेत वारल्याचे वर्तमान जासुदाने आणिले. बाईसाहेबांनी विचारिले, "मरताना कोणत्या भाषेत बोलली?" कारण आपली म्हणोन एक तरी भाषा तिने लपविली असेल, आणि ती आपणास आली तर मूल निजेल, ऐसे त्यांच्या मनात अद्यापि होते.

जासूद म्हणाला, "बोलली नाही, सरकार. खोकत होती."

येणेप्रमाणे वृत्तांत. बाळराजे पुढे थोर पराक्रमी जाहले, परंतु झोप कच्ची ती कच्चीच. गजराबाईसाहेब वृद्ध जाहल्या, आणि त्यांच्या मुदपाकात मिरचीची फोडणी पडली की त्या उठोन खिडकी लावीत, आणि वारा कोणीकडचा हे मात्र कधी विचारीत नसत.