दोनशेदहा अंशांचा त्रिकोण

त्या संध्याकाळी लेकीला आपण स्वतः गणित शिकवावं असं बाबांच्या मनात आलं, आणि तिथेच सगळं फिसकटलं.

गणिताचा त्यांना पुळका होता असं नाही. (गणितानेही त्यांना शाळेत कधी जवळ केलं नव्हतं.) पण अलीकडे त्यांना कुणी काही विचारतच नव्हतं. कचेरीत कारकुनी करण्यात अर्धी हयात गेली, तिथे आता सगळे कॉम्प्युटरला विचारत. घरात बायको परस्पर सगळं ठरवून मोकळी होई. राहता राहिली लेक, तर तिला मोबाइलमधला एक चष्मेवाला मास्तर पुरेसा होता. घडी करून कोपऱ्यात ठेवलेल्या जादा खुर्चीसारखं आपलं झालंय, असं बाबांना वाटे आणि फार वाईट वाटे.

"मोबाइल ठेव," ते म्हणाले. "आज मी सांगतो."

लेकीने आईकडे पाहिलं. आईने इस्त्रीवरून नजर उचलली नाही.

उदाहरण भूमितीचं होतं. त्रिकोणाचा दुसरा कोन पहिल्याच्या दुप्पट, तिसरा तिप्पट. तर पहिला किती?

आता बाबांच्या कचेरीची एक रीत होती. साहेब आधी निर्णय सांगायचे आणि मग बाबा त्या निर्णयाला नेऊन पोचवणारी टिपणी लिहायचे. इतक्या वर्षांत त्यांची एकही टिपणी परत आली नव्हती. त्याच शिरस्त्याने त्यांनी आधी पुस्तकामागची उत्तरं उघडली. उत्तर होतं पस्तीस. (ते पुढच्या सरावसंचाचं होतं, पण हे त्यांना सांगणार कोण?)

"पहिला कोन एक्स मानू. दुसरा दोन एक्स, तिसरा तीन एक्स. एकूण सहा एक्स."

इथपर्यंत गाडी रुळावर होती. पण पस्तीस सक दोनशेदहा! बाबांनी घाम पुसला आणि वहीत ठसठशीत अक्षरात लिहिलं : तिन्ही कोनांची बेरीज २१० अंश (दिलेले आहे).

"बाबा, बेरीज एकशेऐंशी असते."

"ती साध्या त्रिकोणाची. हा केवढा मोठा आहे बघ."

"कुठल्याही त्रिकोणाची तेवढीच असते."

"तू शिकवणार मला?"

आवाज त्यांना नको होता इतका चढला. लेकीने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, "बरं, असू दे तसंच," म्हणाली आणि वही मिटली. पोरगी आता पुन्हा आपल्याकडे फिरकायची नाही, हे त्यांना कळून चुकलं.

पण दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन पुढ्यात उभी!

"बाई रागावल्या?" बाबांनी चाचरत विचारलं.

"नाही, हसल्या. माझ्या रजेच्या चिठ्ठ्यांवरून तुमचं अक्षर त्यांनी ओळखलं. गणित फळ्यावर लिहून सगळ्यांना चूक शोधायला लावली." लेक जरा घुटमळली. "म्हणाल्या, मुद्दाम चुकीचं लिहिलं की पोरं लगेच ओळखतात. तुझ्या वडिलांचं अगदी मनापासून चुकलंय. चाचणीसाठी अजून एक सोडवून देतील का, विचार."

इस्त्री क्षणभर थांबली आणि पुन्हा सुरू झाली.

तरीही त्यांनी वही ओढून घेतली. चुकायचं नाहीच, असं त्यांनी मनाशी ठरवलं. एका संख्येच्या तिपटीतून सात वजा केले तर चौदा उरतात. ती संख्या कोणती? मागची पानं त्यांनी उघडलीसुद्धा नाहीत. तीन एक्स वजा सात बरोबर चौदा. सात पलीकडे नेले, चिन्ह बदललं. तीन एक्स बरोबर एकवीस. एक्स बरोबर सात! ताळाही पाहिला. सात त्रिक एकवीस, त्यातून सात गेले, चौदा. बाबांचे डोळे भरून आले. त्यांनी वही पुढे केली.

लेकीने एकेका पायरीवरून बोट फिरवलं. पुन्हा वरपासून पाहिलं. तिचा चेहरा पडला.

"हे बरोबर आहे बाबा," ती हिरमुसून म्हणाली. "हे नाही चालणार. परत करा. आणि या वेळी इतका विचार नका करू."